दम आणि दोर

कृष्णाकाठच्या माणसाने समुद्रातल्या पाणबुड्यांविषयी काय म्हणून बोलावे, असा प्रश्न विषयपत्रिका पाहून काहींच्या मनात आला असेल. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. परंतु पाण्यात उतरणे हा आमच्याकडचा जुना धंदा आहे. विहीर खणणारा, तिचा गाळ काढणारा, नदीच्या डोहात मोटारीचा पाइप सोडणारा, महापुरात होडी घालणारा, अशी पाण्यावर व पाण्याखाली पोट असलेली माणसे आमच्या गावोगावी आहेत. इतिहासाच्या पुस्तकात खाली कोण गेला त्याचे नाव येते. खाली जाण्यापूर्वी त्याचा दोर कोणी ओढून पाहिला, हवेची नळी कोणी तपासली, त्याचे नाव येत नाही. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या माणसाविषयी. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कामासाठी कायद्याची पुस्तके चाळताना. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये.

प्रथम घरचे पाहू. आमच्या भागात पोरांना पोहायला शिकवीत ते पाठीला वाळलेला भोपळा बांधून. पुढे त्याची जागा तेलाच्या पत्र्याच्या डब्याने घेतली व नंतर प्लॅस्टिकच्या कॅनने. शिकविणारा जाणता असला, तर पोराला विहिरीत ढकलण्यापूर्वी दोन गोष्टी करी. भोपळा पाण्यात दाबून बुडबुडे निघतात का पाही आणि गाठ स्वतः बांधी. पोराने बांधलेल्या गाठीवर विश्वास ठेवीत नसे. असेच भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी पार करायची ती सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आज विद्वान मंडळी दोन विचारांसाठी वापरतात. मूळचा तो नदीकाठचा आहे, आणि सांगडीची गाठ सैल निघाली तर काय होते हे नदीकाठच्या माणसाला सांगावे लागत नाही.

साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. छत्रपती शाहूंच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईंनी ती बांधविली. अष्टकोनी बांधकाम, आत महाल, वर मोटांच्या जागा. पाहणारे महालाचे कोरीव काम पाहतात. आम्हांला मात्र तिथे उभे राहिले की नाडा आणि सोंदूर आठवतो. मोटेला दोन दोर असत. जाड नाडा मोटेचे वजन पेली आणि बारीक सोंदूर सोंडेला सांभाळी. पहाटे मोट जुंपण्याआधी मोटकरी नाड्यावरून हात फिरवून पाही, कारण भरल्या मोटेने नाडा तुटला तर बैल धावेवर कोसळत आणि विहिरीत कोणी असेल त्याची धडगत नसे. ही तपासणी कोणी लिहून ठेवली नाही. ती तळहातातच राहिली आणि मोटेबरोबर नाहीशी झाली.

जुन्या बंद विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा, हीही अशीच एक रीत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. रीत शहाणपणाची होती, परंतु तिला मर्यादा होती. ज्योत विझते ती प्राणवायू कमी झाल्यामुळे. खाली विषारी वायू असेल आणि प्राणवायूही पुरेसा असेल, तर कंदील सुखाने जळत राहतो आणि माणूस मरतो. शिवाय सडक्या घाणीतून निघणारा ज्वलनशील वायू साठला असेल, तर कंदीलच स्फोट घडवू शकतो. एका धोक्याची तपासणी दुसऱ्या धोक्याला चालत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे फ्रान्समधल्या एका प्रसंगात ते पुन्हा भेटेल.

आता समुद्राकडे वळू. बंद शिरस्त्राणाचा पोशाख एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडात स्थिरावला. मूळचा जर्मन असलेला ऑगस्टस सीबे हा लंडनचा कारागीर त्याच्याशी निगडित आहे. ‘रॉयल जॉर्ज’ हे आरमारी जहाज १७८२ साली स्पिटहेडला बुडाले होते. त्याचे अवशेष काढण्याचे काम कर्नल पास्ली याने १८३९ ते १८४३ या काळात केले आणि तेथे हा पोशाख खऱ्या अर्थाने कसाला लागला. पितळेचे जड शिरस्त्राण, छातीपाठीवर शिसे, पायांत शिशाच्या तळाचे बूट. असा माणूस स्वतःच्या हाताने काहीच करू शकत नाही. त्याला कपडे चढवणारे वेगळे, पंप मारणारे वेगळे, दोर धरणारा वेगळा.

या पोशाखातली एक गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. चेहऱ्यासमोरची काच सर्वांत शेवटी बसवीत. आधी पंप सुरू व्हायचा, शिरस्त्राणात हवा येते आहे याची खात्री व्हायची, मग काच फिरवून घट्ट करायची आणि शिरस्त्राणावर थाप मारून ‘जा’ म्हणून खूण द्यायची. काच लावल्यावर पाणबुड्याचे बोलणे वरच्यांना ऐकू येत नसे. त्यानंतर त्याच्याजवळ भाषा उरे ती दोराच्या हिसक्यांची. हवेची नळी जिथे शिरस्त्राणाला जोडली जाई तिथे एकाच बाजूने उघडणारी झडप बसवावी लागे. ती नसली किंवा अडकली आणि वर नळी फुटली, तर शिरस्त्राणातली हवा उलट वर धाव घेई आणि पाण्याचा दाब माणसाला त्या पितळेत चिरडून टाकी. रुपयाएवढी झडप, तिच्यावर प्राण टांगलेला. तो तपासणारा माणूस रोजंदारीवरचा. पाणबुड्याला मजुरी अधिक मिळे, हे खरे. पण पंपावरच्या माणसाला कमी देऊन त्याच्याकडून पूर्ण लक्षाची अपेक्षा ठेवणे, हा मालकांचा हिशेब तेव्हापासूनचा आहे.

पाण्याखाली पूल बांधण्याचे काम याच सुमारास वाढले. उपड्या पेटीसारखे मोठे दालन नदीच्या तळाशी बसवायचे, त्यात दाबाखाली हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे आणि आत मजुरांनी खणायचे. खालून वर आलेले मजूर सांधे धरून वाकत, काही लुळे पडत, काही मरत. सेंट लुईच्या पुलावर डझनाहून अधिक मजूर असे गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही १८७२ साली या रोगाने कायमचा जायबंदी झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या दालनातल्या मजुरांनी मजुरीवाढीसाठी काम बंद ठेवले होते. पुलाच्या इतिहासात रोबलिंगचे दुखणे सविस्तर येते. संपाला दोन ओळी मिळतात.

रोगाचे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली दाखविले. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब एकदम उतरला की सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुडे धरतो. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन याने बकऱ्यांवर प्रयोग करून किती खोलीवरून किती थांबे घेत वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. तोवर वर कधी यायचे हे मुकादम ठरवी. त्यानंतर ते कोष्टक ठरवू लागले. मुकादमाच्या हातून घड्याळ काढून घेतले गेले, ही आमच्या मते या इतिहासातली मोठी घटना आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, जाक कूस्तो हा फ्रेंच आरमारी अधिकारी आणि एमिल गाग्नां हा अभियंता यांनी पाठीवरच्या टाकीतली हवा मागणीप्रमाणे देणारे यंत्र सिद्ध केले. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गाग्नांने जी झडप केली होती तिचेच हे रूपांतर. पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी घेतली, तेव्हा माणूस उभा राहिला की हवा फुकट वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढणे जड जाई. कारण साधे होते. हवा बाहेर सोडण्याची तोटी आणि आत घेणारा पडदा वेगवेगळ्या उंचीवर होते आणि तेवढ्या पाण्याच्या फरकाने दाब बदलत होता. दोन्ही एका पातळीवर आणल्यावर यंत्र चालले. यालाच पुढे स्कूबा हे नाव पडले.

या यंत्राने पाणबुड्याला वरच्या नळीपासून व दोरापासून मोकळे केले. मुक्ती झाली, परंतु वरचा माणूसही गेला. पंप मारणारा नाही, काच लावणारा नाही, थाप देणारा नाही. शंभर वर्षे चार माणसांनी मिळून केलेली तपासणी एकाच्या डोक्यावर आली.

२७ ऑगस्ट १९४६ रोजी कूस्तो आणि त्याचा सोबती फ्रेडरिक द्यूमा हे दक्षिण फ्रान्समधील वोक्लूझच्या झऱ्यात उतरले. डोंगराच्या पोटातून येणारे पाणी, अंधार, थंडी. तयारी चोख होती. दिशादर्शक दोरही होता. तरी खाली गेल्यावर दोघांचेही भान सुटू लागले, दोराच्या खुणांचा घोटाळा झाला, आणि ते वाचले हेच नवल. नंतर टाक्यांतल्या हवेची परीक्षा केली, तेव्हा तीत कार्बन मोनॉक्साइड निघाला. हवा भरणारा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढून टाकीत भरत होता. या वायूला वास नाही, रंग नाही. शिवाय दर दहा मीटर खोलीला हवेचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे वीस मीटरवर तो तिप्पट होतो; वर ज्या हवेने नुसते डोके जड होईल तीच खाली प्राण घेते. दोघांनी आपापली झडप, पट्टा, तोटी पाहिली असेल. कॉम्प्रेसरचे नाक कुठे आहे हे कोणी पाहिले नव्हते. आमच्या कंदिलासारखेच हे झाले.

आता या यंत्राची तपासणी प्रत्यक्ष कशी चालते ते थोडे खोलात पाहू, कारण या विषयाचा जीव तिथे आहे. बारा लिटरची टाकी दोनशे वातावरण दाबाने भरली, तर तीत सुमारे चोवीसशे लिटर हवा मावते. माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. वीस मीटरवर चाळीस मिनिटेच. म्हणून पहिला प्रश्न : टाकीत किती आहे? एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत बहुतेकांकडे पाण्याखाली वाचता येईल असे दाबमापक नसे. त्याऐवजी टाकीला राखीव हवेची एक दांडी असे. श्वास जड झाला की दांडी ओढायची, मग परतीपुरती हवा मिळे. दांडी उतरण्यापूर्वीच होडीच्या काठाला लागून खाली पडली असेल, तर राखीव हवा केव्हा संपली हे कळतही नसे. म्हणून उड्या मारण्याआधी जोडीदाराने मागे हात घालून दांडी वर आहे ना हे चाचपायचे, ही सवय पडली.

टाकीच्या कॉकची गोष्ट याहून बोधक आहे. कॉक पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे तो अडकून बसत नाही, असे अनेक वर्षे शिकवीत. नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. पण घाईत एखाद्या मदतनीसाने उलट दिशेला फिरविले, म्हणजे उघडा कॉक पूर्ण बंद केला आणि पाव फेरा उघडला, तर काय होते पाहा. दाबमापक पूर्ण भरलेले दाखवतो. होडीवर श्वास नीट येतो. कारण एवढ्याशा फटीतून वरच्या दाबाला पुरेल इतकी हवा सुटते. पाच-दहा मीटर खाली गेल्यावर, जिथे प्रत्येक श्वासाला अधिक हवा लागते, तिथे गळा आवळल्यासारखे होते. म्हणून आता अनेक ठिकाणी शिकवितात की कॉक एक तर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधले काही नाही. आणि दाबमापकाकडे डोळे लावून दोन-चार दमदार श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला काटा खाली लचकला, तर कॉक अर्धवट आहे. नुसता काटा पाहणे निराळे आणि श्वास घेता घेता काटा पाहणे निराळे.

आज शिकाऊ माणसाला पाच टप्पे पाठ करवतात : तरंगण्याच्या जाकिटात हवा भरते व सुटते का; शिशाची वजने जागेवर आहेत का आणि एका हाताने सोडता येतात का; सारे पट्टे व खटके कुठे आहेत; हवा पुरेशी व निर्मळ आहे का; आणि शेवटी डोक्यापासून पायापर्यंत एक नजर. यांतले विशेष असे की हे स्वतःचे स्वतः करायचे नसते. जोडीदाराने तुमचे तपासायचे, तुम्ही जोडीदाराचे. संकटात तुमचा खटका त्याला सोडावा लागणार, तो कुठे आहे हे त्याला आधी ठाऊक हवे. यंत्राने जो वरचा माणूस काढून टाकला, त्याला जोडीदार म्हणून परत आणले गेले.

यादी करून तपासण्याची पद्धत विमानवाल्यांनी रूढ केली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचे नवे मोठे विमान उडताच कोसळले. जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून शेपटीच्या फळ्यांना लावलेली खीळ काढायची राहिली होती. वैमानिक नामांकित होता. त्यानंतर लेखी यादी आली. याद्या चांगल्या. परंतु तीस वर्षे कारखान्यांच्या दारात उभे राहिल्यावर आम्हांला याद्यांविषयी एक शंका कायमची जडली आहे. आम्ही एका कारखान्यात तपासणीची वही पाहिली होती. महिनाभराच्या सह्या एकाच शाईने, एकाच बैठकीत, एकाच तिरक्या हाताने केलेल्या. यंत्रे त्या महिन्यात चालू होती आणि माणसे त्यांच्याजवळ उभी होती.

कायद्याने हे ओळखले होते असे दिसते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात, विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात वा भुयारात माणूस उतरविण्याविषयी तरतूद केली गेली. सक्षम माणसाने स्वतः चाचणी करून जागा निर्धोक असल्याचे लेखी द्यावे. किंवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे, कमरेला दोर बांधलेला पट्टा असावा आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने हातात धरावे. ‘स्वतः चाचणी करून’ हे शब्द आणि ‘हातात धरावे’ हे शब्द आम्हांला प्रिय आहेत. दोर खांबाला बांधून चालत नाही. खांब हिसका ओळखत नाही.

आमच्या नदीकाठी उपसा सिंचनाचे पाइप पाण्यात सोडलेले असतात. त्यांच्या तळाच्या झडपेला शेतकरी ‘फुटबॉल’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचे त्यांनी केलेले हे रूप आम्हांला मूळ शब्दाहून बरे वाटते. पावसाळ्यानंतर त्यात गाळ, केरकचरा, चिंध्या अडकतात आणि कोणीतरी पट्टीचा पोहणारा दम धरून तळाशी जातो. यंत्र नाही, टाकी नाही, फुप्फुसात मावेल तेवढाच दम. अशा कामात मरण येते ते बुडून कमी आणि विजेने अधिक. खाली माणूस असताना वर कोणी मोटार चालू करतो. एका गावी आम्ही पाहिले की बुडी मारणारा गडी फ्यूज काढून चड्डीच्या खिशात घालून पाण्यात शिरे. मालकाने ‘फ्यूज भिजतो’ म्हणून कुरकुर केली, तेव्हा तो म्हणाला, भिजला तर दुसरा आणा. मोठमोठ्या कारखान्यांत आज कुलूप लावून किल्ली कामगाराच्या खिशात ठेवण्याची जी पद्धत शिकवितात, ती याहून निराळी नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोणी विसरलेला नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे, कृष्णा आणि येरळा जिथे मिळतात तिथे, गावकऱ्यांना बाहेर काढणारी गावची होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती. ज्यांनी होडी घातली ते गावाला वाचविण्यासाठी धडपडत होते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु माणसे मोजणारा, जाकिटे मोजणारा आणि ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार असलेला एक जण काठावर असायला हवा होता, आणि तो अधिकार त्याला पूर येण्यापूर्वी, उन्हाळ्यातच मिळायला हवा होता. पाणी दाराशी आल्यावर रडणाऱ्या लेकरांसमोर ‘पुरे’ म्हणण्याची ताकद कोणाही माणसात नसते.

मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हौशी पर्यटक समुद्रतळ पाहायला उतरतात. आमच्या सांगली-साताऱ्याची तरुण मंडळीही तेथे जातात. संस्थेत रीतसर शिकणाऱ्याला ते पाच टप्पे आधी घोटून घ्यावे लागतात. दाबाखालच्या वायूच्या सिलिंडरांना आपल्या देशात ठराविक मुदतीने दाबचाचणी करावी लागते आणि तारीख सिलिंडरच्या गळ्याशी ठोकलेली असते. या नियमांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे. जाणाऱ्यांनी ती तारीख अवश्य वाचावी. पैसे तुमचे आहेत, फुप्फुसेही तुमचीच.

पर्यटकासाठी एवढे होते, ते व्हावेच. पण त्याच राज्यात गटारीच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्याचे काय? तिथला वायू कुजक्या अंड्यासारखा घाण मारतो आणि प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस धीर करतो आणि दोन पायऱ्यांवर कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांविना गटारात माणूस उतरविण्यास बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. भरपाईचा आकडा वाढला. चेंबरच्या तोंडाशी काय वाढले ते पाहावे म्हणून आमच्या संघटनेने एका नगरपालिकेकडे तीन मागण्या केल्या : वायू मोजणारे यंत्र, कमरेला पट्टा व दोर, आणि दोर धरण्याखेरीज दुसरे कोणतेही काम ज्याला सांगितले जाणार नाही असा एक माणूस. पट्टे व दोर पहिल्या वर्षी आले. यंत्र दोन वर्षांनी आले. ते आरोग्य खात्याच्या कपाटात असते आणि किल्ली ज्या कारकुनाकडे असते तो साडेदहाला येतो, गटारीचे काम मात्र सकाळी सहाला सुरू होते. माणसाच्या मागणीवर उत्तर आले, की नुसता उभा राहण्यासाठी पूर्ण पगार देण्याची तरतूद अंदाजपत्रकात नाही. ते पत्र आमच्याजवळ आहे. येत्या बैठकीत त्याचे उत्तर द्यायचे आहे आणि त्यासोबत आम्ही पंपावर उभ्या राहणाऱ्या त्या जुन्या माणसांची माहिती जोडणार आहोत.